कारण: इतर

नेमगोंडा मगदूम, वय एकाहत्तर.
सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं हळद तोलली.
दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवून गेले
आणि अकराव्या दिवशी
चुन्याच्या रिकाम्या डबीतून परत घेऊन आले.
"घ्या बाई, तुमचा माल. वजन बघून घ्या."

कंपनीचा फॉर्म असतो. काढून टाकण्याचं कारण:
दुखतं. खाज येते. परवडत नाही. समजत नाही. इतर.
मी पेन उघडलं.
दुखलं का?
"पोत्याच्या हुकानं फाटलेला हात हाय ह्यो."
परवडत नाही?
"पोरगं भरतंय."
मग यंत्राचीच भीती?
"छ्या. इलेक्ट्रॉनिक काटा आला तवा समदे बोंबलले.
मी न्हाई. रोज सकाळी माझं दोन किलोचं पितळी माप
आधी त्याच्यावर ठिवायचो.
दोन दावलं की दिवस सुरू."

बाहेर चौदा नंबर खोकत होता.
त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आधी रुमालाखाली सौदा व्हायचा बगा.
दोघांचे हात आत, वर कापड.
बोटं बोलायची.
ज्याची हळद, तो शेजारी उभा,
त्याला काय कळायचं न्हाई.
हे तुमचं तसंच झालं.
हात माझा, साखर माझी,
आकडा जातोय पुण्याला, पोराच्या फोनात.
मी च्यात गुळाचा खडा टाकला
की साडेसातला फोन: अप्पा, काय खाल्लं?"

इतर, अशी खूण केली मी.
पुढं एक ओळ मोकळी असते, अंगठ्याएवढी.
तिच्यात रुमाल मावला नाही.

(माझी आई मिरजेत असते.
तिला मी बीपीचं मशीन नेऊन दिलं.
तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलंय, खणाच्या कापडाखाली.
हळदकुंकू वाहते.
चालू मात्र एकदाही केलेलं नाही.
मला सगळं पाठ आहे, कुठलं बटण, कुठली नळी.
तिला कसं सांगायचं, तेवढं पाठ नाही.)

दिवाळी झाली. एका मंगळवारी
नंबर न लावताच ते आत.
"बसवा परत."

काय झालं?
बराच वेळ भिंतीवरच्या पावलांच्या तक्त्याकडं बघत राहिले.

"चार वर्सामागं एका रात्री साखर उतरली माझी.
अंथरूण भिजलं, वाचा बसली.
तवापास्नं रोज रात्री तीनला
पद्मावतीचा हात येतो कपाळावर.
मी जागाच असतो. तिला वाटतं झोपलोय.
ती चकती होती
त्या अकरा रात्री हात आला न्हाई.
घोरत होती ओ, चक्क घोरत होती.
बाराव्या रात्री पुन्हा आला.
गार. थोडा थरथरता."

मी दंड पुसला, चकती बसवली.
या वेळी फोन त्यांचा स्वतःचा, नवा,
नातवानं अक्षरं मोठी करून दिलेला.
यंत्र जागं व्हायला तासभर लागतो.
ते बाकावर बसले, आणि तास संपला तसा
खिशातून बत्तासा काढून तोंडात टाकला.

अहो, हे काय!
"माप ठिवतोय. थांबा."

थांबलो. वीस मिनिटांत
आकडा चढायला लागला.
ते हसले. एवढी साखर वाढलेला माणूस
इतका खूश मी पहिल्यांदा पाहिला.

पुण्याला पाठवू का आकडे?
विचार केला त्यांनी.
"आयतवारचे पाठवा. बाकीचे मी सांगीन, मला वाटलं तर."

नवा फॉर्म काढला. नाव, वय, दंड डावा की उजवा.
घेण्याचं कारण, असा रकानाच नाही त्यात.
मी पाठीमागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
पद्मावती. रात्री तीन.

कंपनीला तो पत्ता वाटेल.